बरणीतल्या अळ्या

मी अनेक वर्षं रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलं. पावसाळ्यात डेंग्यूचे नमुने वाढायचे आणि प्लेटलेटचे आकडे लिहून देणं एवढंच माझ्या हाती असायचं. डास चावण्याआधी काही करता यावं म्हणून ती नोकरी सोडली. आता सातवी-आठवीच्या वर्गांत आरोग्यविज्ञान शिकवते. राष्ट्रीय डेंग्यू दिवस १६ मे रोजी असतो, पण तेव्हा शाळांना सुट्टी. म्हणून शाळा उघडल्या की मी लगेच निघते.

‘पाणी साचू देऊ नका’ हे मुलांना पाठ असतं. का, ते कुणी दाखवलेलं नसतं. म्हणून जाळीच्या झाकणाची काचेची बरणी सोबत नेते. आत एडिस डासाच्या अळ्या. डोकं खाली करून त्या पाण्याच्या पृष्ठभागाला लटकतात, कारण श्वासाची नळी शेपटाकडे असते. टिचकी मारली की वळवळत तळाशी जातात आणि श्वासासाठी पुन्हा वर येतात. साचलेल्या पाण्यावर तेल का टाकतात, हे मग मुलंच मला सांगतात.

“बाई, पाण्याची भांडी रिकामी करायचा कोरडा दिवस आठवड्यालाच का?” अंड्यापासून डास व्हायला साधारण ८ ते १० दिवस लागतात, त्याआधी साखळी तोडायची. “नुसतं पाणी ओतलं तर?” नाही पुरत. मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर, भांड्याच्या कडेला अंडी चिकटवते. ती कोरडी राहूनही कित्येक महिने टिकतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणून पिंप घासायचं.

एका मुलीने विचारलं, “आमच्याकडे चार दिवसांनी पाणी येतं, ते ओतायचं कसं?” असा प्रश्न आला की मला फार बरं वाटतं. तिच्या घराला न जुळणारा सल्ला मी देऊच नये. पिंपाला घट्ट फडकं बांधायचं, मोठ्या हौदात गप्पी मासे सोडायचे आणि पिंप रिकामं झालं की पाणी यायच्या आत कडा घासायच्या, असं आम्ही वर्गात मिळून ठरवलं.

शेवटी एक गोष्ट मी प्रत्येक वर्गात सांगते, तीच तुम्हालाही सांगते. ताप उतरला की घरचे निर्धास्त होतात. डेंग्यूत मात्र धोका बहुधा तेव्हाच सुरू होतो. पोट सतत दुखत असेल, उलट्या थांबत नसतील, हिरड्यांतून रक्त येत असेल, तर त्याच क्षणी दवाखाना गाठा. आणि तापात ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन मनाने घेऊ नका, त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.