एका तारखेचा कायदा



संसदेत कायदा कसा होतो हे शाळेच्या नागरिकशास्त्रात आपण सर्वांनी पाठ केले आहे. विधेयक मांडले जाते, त्याची तीन वाचने होतात, दोन्ही सभागृहे संमती देतात, राष्ट्रपतींची सही होते. हे सारे खरेच. पण एवढ्याने कायदा समजत नाही. म्हणून आम्ही आज आपल्या सातपुड्याशी निगडित असा एकच कायदा घेणार आहोत, आणि त्यातलीही मुख्यतः एक तारीख.

चोपडा, यावल, शिरपूर, तसेच १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या शहादा, अक्कलकुवा, धडगाव या तालुक्यांत कित्येक पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबे वनखात्याच्या हद्दीतील जमीन कसत आली. लोक तिला नेवाड म्हणतात. सरकारदप्तरी ते अतिक्रमण. १९८० साली वनसंवर्धनाचा कायदा झाला आणि २५ ऑक्टोबर १९८० ही लक्ष्मणरेषा ठरली. तिच्या आधीपासून कसणाऱ्याचा विचार तरी व्हावयाचा. नंतरचा तो घुसखोर! पुढे ३ मे २००२ रोजी केंद्रीय वनमंत्रालयाने अतिक्रमणे हटविण्याविषयी राज्यांना पत्र धाडले.

ध्यानात घ्या, ते नुसते पत्र होते. त्यावर कोणत्याही सभागृहात मतदान झाले नव्हते. पण नव्या कायद्याचे बीज त्या पत्रानेच पेरले. देशभरच्या आदिवासी संघटना एकत्र आल्या. २००४ च्या निवडणुकीनंतर सत्तेवर आलेल्या आघाडीने ही हकालपट्टी थांबविण्याचे वचन दिले, आणि मसुद्याचे काम वनमंत्रालयाकडे न जाता आदिवासी मंत्रालयाकडे गेले. मसुदा कोणाच्या मेजावर लिहिला जातो यावर अर्धी लढाई ठरते, असे आमचे मत आहे. दुसरी बाजूही दुबळी नव्हती. सारिस्कातील वाघ नाहीसे झाल्याची बातमी २००५ च्या आरंभीच आली होती. जंगल वाटले तर वाघ उरणार नाही, असे म्हणणारे सगळेच काही आदिवासींचे वैरी नव्हते.

१३ डिसेंबर २००५ रोजी विधेयक लोकसभेत आले, तेव्हा त्यात तीच १९८० ची तारीख होती! पंचवीस वर्षांपूर्वी आपण हेच शेत नांगरीत होतो, हे ज्याच्या घरात कागदाचा कपटा नाही त्याने सिद्ध करावयाचे कसे? विधेयक किशोरचंद्र देव यांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त समितीकडे गेले. समितीत टाळ्या नसतात, गॅलरी नसते. तेथे निवेदने येतात, साक्षी होतात, शब्द खोडले जातात. तेथेच ती तारीख सरकली आणि विधेयक मांडल्याच्या दिवसावर आली. लक्षावधी माणसे एका आकड्याने आत आली. आदिवासी नसलेल्या वननिवासींनाही वाट मिळाली; पण त्यांच्यावर तीन पिढ्यांची, म्हणजे पंचाहत्तर वर्षांची अट बसली. समितीला ग्रामसभेचा शब्द अखेरचा हवा होता. कायदा झाला तेव्हा तिच्या डोक्यावर उपविभागीय आणि जिल्हा समित्या बसल्या होत्या. हा बदल पुढे फार महाग पडला.

१५ डिसेंबर २००६ ला लोकसभेने व १८ ला राज्यसभेने विधेयक मंजूर केले.

सभागृह उठले तरी कायदा घडतच असतो. १ जानेवारी २००८ ला नियम आले. पुरावा कोणता चालेल हे त्यांत ठरले. गावातील वृद्धांचा जबाब चालू लागला. काल ज्या दंडाच्या पावतीने माणूस गुन्हेगार ठरत होता, तीच पावती आज तो जपून दाखवू लागला. तरीही दावे वरच्या समित्यांत अडले, आणि नोव्हेंबर २०१८ मध्ये खानदेशातील आदिवासी ठाण्याहून मुंबईस पायी गेले.

त्यानंतर तीनच महिन्यांनी, १३ फेब्रुवारी २०१९ रोजी, ज्यांचे दावे फेटाळले गेले त्यांना काढण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने दिला. २८ फेब्रुवारीस न्यायालयानेच तो स्थगित केला, आणि हे दावे फेटाळताना कोणती रीत पाळली ते आधी सांगा, असे राज्यांना बजावले.