नोकरी लावून देणाऱ्याला पैसे कोण देतं?



सुरुवातीला एक प्रश्न विचारते. नोकरीसाठी एखाद्या कन्सल्टन्सीला तुमच्यापैकी कितीजणांनी पैसे दिलेत? हात वर करू नका. मी असते तर मीही केला नसता. २०१२ साली मी दिले होते, बारा हजार. आणि कितीतरी वर्षं हे कुणालाही सांगितलं नव्हतं.

मी मिरजेची. अब्बा एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते. इंजिनिअरिंगचा निकाल लागला आणि मी पुण्याला आले. आयटीत ओळखीचं कुणीच नव्हतं. एका कन्सल्टन्सीचा फोन आला. दोन खोल्यांचं ऑफिस, भिंतीवर मोठमोठ्या कंपन्यांची नावं. ‘रजिस्ट्रेशन’ म्हणून पैसे भरले, पावती मिळाली. पंधरा दिवसांनी हिंजवडीला ‘इंटरव्ह्यू’ला पाठवलं. तिथे जाऊन बघते तर तो खुला वॉक-इन होता. शेदोनशे मुलं रांगेत, त्यांनी कुणाला एक रुपया दिलेला नव्हता. पुढच्या महिन्यात त्या ऑफिसला कुलूप होतं.

तेव्हा मला जी गोष्ट माहीत नव्हती तीच आज सांगायला आले आहे. खऱ्या एजन्सीला पैसे कंपनी देते, उमेदवार नाही. कायम नोकरीची भरती असेल तर वर्षाच्या पगाराचे ठरावीक टक्के एजन्सीला मिळतात. बऱ्याच ठिकाणी हा दर ८.३३ टक्के असतो, म्हणजे बरोबर एका महिन्याचा पगार. काही ठिकाणी जास्तही असतो. तुम्ही पहिल्या दोन-तीन महिन्यांत सोडून गेलात तर एजन्सीला बहुधा फुकट दुसरा माणूस द्यावा लागतो किंवा पैसे परत करावे लागतात. म्हणून रुजू व्हायच्या आधी आणि नंतरही ती रिक्रूटर मुलगी तुम्हाला फोन करत राहते. तुमची काळजी असते म्हणून नाही, तिचं बिल अडकलेलं असतं म्हणून. यात वाईट काही नाही. फक्त एवढं लक्षात ठेवा की तिचं गिऱ्हाईक कंपनी आहे, तुम्ही नाही. त्यामुळे तिने उलट फोन केला नाही तर तो अपमान मानू नका, आणि तिने गोड बोलून पैसे मागितले तर तो उपकारही मानू नका.

दुसरा प्रकार पे-रोलचा. तुम्ही रोज बसता एका मोठ्या कंपनीत, पण कागदावर नोकर असता एजन्सीचे. कंपनी तुमच्यासाठी एजन्सीला दरमहा एक रक्कम देते, त्यातून तुमचा पगार निघतो आणि मधला फरक एजन्सीचा. अनेकांची सुरुवात अशीच होते, माझीही झाली. पण सही करण्याआधी पाच गोष्टी ई-मेलवर विचारा. ऑफर लेटर कुणाच्या नावाचं? पीएफ आणि विमा कोण भरणार? प्रोजेक्ट संपलं तर पगार चालू राहणार की नाही? नोटीस किती दिवसांची? त्या कंपनीत कायम होण्याची सोय आहे का? तोंडी उत्तराला काही किंमत नसते.

आता अर्जाबद्दल. एकाच जागेसाठी दोन एजन्सींना बायोडाटा पाठवू देऊ नका. पहिल्यांदा ज्यांनी पाठवला त्यांचा कंपनी धरते, किंवा कमिशनचं भांडण नको म्हणून तुम्हालाच वगळते. त्यामुळे बायोडाटा देण्याआधी कंपनीचं नाव आणि कामाचं वर्णन मागा, आणि ‘या जागेसाठी तुम्ही माझं नाव पाठवा’ असं मेलवर लिहून द्या. म्हणजे कुठे काय पाठवलं याची नोंद तुमच्याकडेही राहते. एक साधी वही किंवा एक्सेल पुरे.

आणि त्यांनी पुढे काय पाठवलं ते बघायला मागा. एकदा इंटरव्ह्यूत मला विचारलं, ‘हडूपवर दोन वर्षं काय केलंत?’ मी हडूपचं फक्त नाव ऐकलेलं होतं. एजन्सीने माझ्या वर्ड फाइलमध्ये दोन ओळी घुसवल्या होत्या. खोटी ठरले ती मी. तेव्हापासून मी पीडीएफ पाठवते आणि वर्ड फाइल मागितलीच तर का ते विचारते. आधार, पॅन, बँकेचे तपशील हातात ऑफर आल्याशिवाय देऊ नका. मूळ गुणपत्रिका तर कुणाकडेच ठेवू नका. दाखवायच्या आणि परत घ्यायच्या.

याहून मोठं आमिष म्हणजे ‘एक्सपिरियन्स’. पैसे घेऊन दोन वर्षांचं अनुभवपत्र, पगाराच्या स्लिपा, सगळं देतात. माझ्याबरोबर राहणाऱ्या एका मैत्रिणीने घेतलं. इंटरव्ह्यू ती स्वतःच्या हुशारीवर पास झाली, काम उत्तम करत होती. चार महिन्यांनी पडताळणीचा अहवाल आला. ज्या कंपनीचं पत्र होतं तिथे तिच्या यूएएनवर पीएफ कधीच जमा झाला नव्हता. त्याच दिवशी लॅपटॉप आणि ओळखपत्र ठेवून बाहेर. फ्रेशर म्हणून कदाचित सहा महिने जास्त लागले असते, पण पुढे प्रत्येक ठिकाणी त्या चार महिन्यांचा खुलासा करत बसावं लागलं नसतं.

परदेशातल्या नोकरीबद्दल थोडं. भारतातून परदेशी माणसं पाठवणाऱ्या एजंटला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते. ती ई-मायग्रेट पोर्टलवर पाच मिनिटांत तपासता येते. नोंदणी असलेला एजंटसुद्धा सेवाशुल्क म्हणून तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी, यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. आणि हे फक्त कमी शिकलेल्यांचंच दुखणं आहे असं समजू नका. २०२२ साली परराष्ट्र मंत्रालयाला खास आयटीवाल्या तरुणांसाठी सावधगिरीची सूचना काढावी लागली. थायलंडमध्ये नोकरी म्हणून नेलं आणि बेकायदा सीमा ओलांडून म्यानमारमध्ये ऑनलाइन फसवणुकीच्या कामाला जुंपलं, असे प्रकार घडले होते.

आता तुमच्या मनातला प्रश्न. नाव बघून बायोडाटा बाजूला ठेवतात का? सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, फक्त वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून हे तपासलं होतं. २००७ साली ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’मध्ये ते छापून आलं. दलित आणि मुस्लिम नावांना कमी बोलावणी आली. तेव्हा हा तुमच्या मनाचा खेळ नाही. पण एखाद्या नकारामागे नाव होतं की कच्चं कोडिंग, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. म्हणून एकाच दारात उभं राहू नका. एजन्सी, कंपनीची स्वतःची साइट आणि आतल्या माणसाची शिफारस, तिन्ही दारं ठोठवा.

या तिसऱ्या दाराबद्दल मला कबुली द्यायची आहे. रेफरल म्हणजे वशिला नाही. परीक्षा, इंटरव्ह्यू सगळं तेच असतं, फक्त बायोडाटा कुणीतरी उघडून बघतं. माझे सहकारी आपल्या भावंडांचे, कॉलेजच्या मुलांचे बायोडाटे सहज देतात. मी सात वर्षांत एकही दिला नाही. ‘ही आपल्या लोकांना आणते’ असं कुणी म्हणेल याची भीती. मी स्वतःच्या कामाने इथे आले, तसं सगळ्यांनी यावं, असं मी स्वतःला समजावत असे.

मग खालाच्या मुलाचा फोन आला. ‘आपा, एका कन्सल्टन्सीला चाळीस हजार भरलेत, आता ते फोन उचलत नाहीत.’ ज्या आठवड्यात त्याने पैसे भरले, त्याच आठवड्यात माझ्या टीममध्ये टेस्टिंगच्या दोन जागा निघाल्या होत्या. फॉर्म माझ्या इनबॉक्समध्ये पडून होता. मी त्याला विचारलं, ‘मला का नाही विचारलंस?’ तो म्हणाला, ‘तू असलं काही करत नाहीस, असं घरात सगळे म्हणतात.’

पैशांसाठी आम्ही १९३० वर तक्रार केली. पावती आणि यूपीआयचा तपशील त्याच्याकडे होता, तोही जपून ठेवा. पैसे अजून आलेले नाहीत. पुढची जागा निघाली तेव्हा मी त्याचं नाव दिलं. दुसऱ्या फेरीत तो नापास झाला, एसक्यूएलमध्ये. वाईट वाटलं, पण निदान त्याला काय येत नव्हतं ते त्याला कळलं. बारा हजार देऊन मला तेवढंसुद्धा कळलं नव्हतं.

तुमच्यापैकी जे नोकरीला लागलेत त्यांनी आज घरी जाऊन आपल्या कंपनीतल्या रिकाम्या जागांची यादी उघडा. जे शोधताहेत त्यांनी बायोडाटा घेऊन जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे या. मी शेवटच्या टेबलावर बसणार आहे. चुका मी लाल पेनने काढीन, राग मानू नका.