जुन्या शिडाच्या होडीचा डेक



काचतंतूंची होडी कुजत नाहीं, असा समज सर्वत्र आढळतो. तो अर्धाच खरा आहे. कार्ल आल्बर्ग यांनीं आंखलेली ‘पिअर्सन ट्रायटन’ ही सुमारें २८½ फुटांची शिडाची होडी १९५९ सालीं न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनांत लोकांपुढें आली. अशा सुमारें ७०० होड्या पुढें बांधल्या गेल्या व त्यांपैकीं कित्येक आजहि पाण्यावर आहेत. डेक हलका असूनहि ताठ राहावा म्हणून काचतंतूंचे दोन पापुद्रे व त्यांच्यामध्यें बाल्साचें हलकें लाकूड, अशी रचना त्यांपैकीं बहुतेक होड्यांत आहे. पापुद्रे कुजत नाहींत; पोटांतलें लाकूड मात्र कुजतें.

कठड्याचे खांब आणि दोर बांधण्याचे खुंटे ज्या भोकांत घट्ट केलेले असतात, त्यांतूनच पाणी शिरतें. भोंवतालचा लेप उन्हानें सुकून फाटतो, थेंब थेंब पाणी लाकडांत मुरतें आणि कालांतरानें डेक पायाखालीं लवूं लागतो. अशा वेळीं वरच्या भेगा बुजवून रंग दिला, तर दुखणें झांकलें जातें, बरें होत नाहीं. मग वादळांत खलाशी ज्या खांबाचा आधार घेतो, तोच उखडून त्याच्या हातांत येण्याचा संभव असतो.

म्हणून प्रथम लहान हातोडीनें सगळा डेक ठोकून पाहावा. खणखणीत आवाज येईल तेथें लाकूड बहुधा धड असतें. बद्द आवाज येईल तेथें खडूनें खूण करावी. खुणेच्या कडेस, खालचा पापुद्रा न भेदतां, बारीक भोंक पाडावें. भुसा फिकट व कोरडा निघाला तर थांबावें. काळपट व ओला निघाला तर आणखी पुढें शोध घ्यावा.

नंतर वरचा पापुद्रा तेवढाच कापून उचलावा, कुजलेलें लाकूड खरवडून काढावें आणि आंतील भाग पूर्ण वाळूं द्यावा. येथें घाई करणाऱ्याचे सर्व श्रम वायां जातात, कारण ओलीवर इपॉक्सी नीट धरत नाहीं. नवें बाल्सा घट्ट कालवलेल्या इपॉक्सींत बसवून, पापुद्रा परत चिकटवून वर वजनें ठेवावीं. मग कापाच्या दोन्ही कडा उतरत्या घासाव्या. उताराची रुंदी जाडीच्या बारापट असावी. म्हणजे ३ मिलिमीटर जाडीस ३६ मिलिमीटर. त्यावर इपॉक्सींत भिजविलेल्या काचतंतूंच्या कापडाचे थर द्यावे. घासतांना नाकातोंडावर मुखवटा व इपॉक्सी हाताळतांना हातमोजे अवश्य असावे.

शेवटचें काम भोकांचें. प्रत्येक जुनें भोंक मोठें करून इपॉक्सीनें भरावें आणि तें कडक झाल्यावर मधोमध नवें भोंक पाडावें. मग पुढें लेप फाटला तरी पाणी लाकडापर्यंत पोहोंचत नाहीं.

ह्या कामास कौशल्यापेक्षां धीरच अधिक लागतो. डेकवर भेग दिसली, तर रंगाचा डबा उघडण्यापूर्वीं हातोडी घ्यावी, आणि डेक काय सांगतो तें कान देऊन ऐकावें.