पुराव्याचे ओझे कोणाच्या खांद्यावर?

(नागापूर येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत राबणाऱ्या कामगारांपैकी अनेकांची घरे पाथर्डी, शेवगाव, जामखेड अशा अवर्षणग्रस्त तालुक्यांतून पोटासाठी येथे आलेली आहेत. त्यांत भटक्या व विमुक्त जमातींची कुटुंबेही आहेत. या घरांतील मुले पोलीस भरतीचे, तलाठी परीक्षेचे अर्ज भरतात, पहाटे उठून धावण्याचा सराव करतात. परीक्षेला ती भीत नाहीत. त्यांची उमेद खचते ती कागदापाशी. म्हणून आरक्षणाच्या तत्त्वाबद्दल आज मी बोलणार नाही. ते आपणा सर्वांस मान्यच आहे. त्या तत्त्वाच्या दाराला जे कुलूप लावले गेले आहे, त्याबद्दल बोलणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. पडताळणीच नको, असे माझे म्हणणे नाही. खोटा दाखला ही खऱ्या मागासाच्या ताटातील भाकरीची चोरी होय. १९९४ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पडताळणी समित्या व दक्षता पथके यांची चौकट आखून दिली, ती याच कारणासाठी. त्यानंतर राज्याने जातीचे प्रमाणपत्र देणे व त्याची पडताळणी यांसाठी स्वतंत्र कायदा केला. १८ ऑक्टोबर २००१ पासून तो अमलात आहे. या कायद्याचे ८ वे कलम आपण नीट समजून घेतले पाहिजे. आपण अमुक जातीचे वा जमातीचे आहोत, हे सिद्ध करण्याची जबाबदारी ते दावा करणाऱ्यावर टाकते.

ज्यांच्या आजोबांनी शाळा पाहिली, ज्यांच्या नावे सातबारा आहे, त्यांना हे कलम जड जात नाही. पण पालावर जन्मलेल्याचे काय? विमुक्त व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख धरली जाते. त्या दिवशी आपले कुटुंब महाराष्ट्रात वास्तव्यास होते, हे दाखवावे लागते. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, नाहीतर कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद आणा, असे सांगितले जाते. ज्या माणसाचा जन्म एका मुक्कामी आणि मृत्यू दुसऱ्या मुक्कामी झाला, त्याची नोंद कोणत्या कोतवालाने केली असेल? आणि केली असलीच, तर ती मोडी लिपीत. ती वाचणारा तरी नातवाने कोठून आणावा?

यातील विपर्यास पाहा. गुन्हेगार जमातींचा कायदा देशात १८७१ साली आला. मुंबई राज्यात तो १९४९ साली आणि देशभर १९५२ साली रद्द झाला. तोपर्यंत या माणसांची नावे पोलिसांच्या नोंदवहीत होती, त्यांना हजेरी द्यावी लागत होती. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये कुटुंबेच्या कुटुंबे तारेच्या कुंपणाआड ठेवली होती. हजेरी घेताना शासनाला त्यांची जात बरोबर सापडत होती. नोकरी देताना मात्र ती नातवाने शोधून आणावयाची!

अर्थशास्त्राचा शिक्षक या नात्याने मी याकडे हक्काची किंमत म्हणून पाहतो. विमुक्त जातींस ३ टक्के आणि भटक्या जमाती (ब) यांस अडीच टक्के जागा राखीव आहेत. कागदावर हा हक्क फुकट आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या प्रत्येक खेपेस एका दिवसाचा खाडा पडतो, त्यावर प्रवासखर्च, प्रतिज्ञापत्राचा खर्च आणि मध्यस्थाचे पैसे. त्यात उन्नत व प्रगत गटात मोडत नसल्याचा दाखला ठरावीक मुदतीचा; तो पुन्हा काढावा लागतो. पगारदाराला यासाठी हक्काची रजा मिळते, कंत्राटी कामगाराची मजुरी बुडते. म्हणजे जो अधिक गरीब, त्याला तोच हक्क अधिक महाग.

आणि चूक झाल्यास क्षमा कोणाला? ज्यांचे दावे अवैध ठरले त्यांच्या नोकरीस संरक्षण नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ जुलै २०१७ रोजी दिला. तरीही २१ डिसेंबर २०१९ च्या शासन निर्णयाने अशा कर्मचाऱ्यांना तात्पुरत्या अधिसंख्य पदांवर सामावून घेण्यात आले. कोणाची चूल विझावी, अशी आपली इच्छा नाही. परंतु हेच औदार्य, दावा खरा असूनही कागद उशिरा मिळालेल्या उमेदवाराच्या वाट्याला का येऊ नये?

शासनाला हे जमणार नाही, असे कोणी म्हणू नये. २०२३ साली मराठा आंदोलनाच्या रेट्याखाली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. कुणबी नोंदींसाठी महसूल, शाळा, पोलीस, कारागृह अशा खात्यांची जुनी दप्तरे शासकीय यंत्रणेनेच उघडली, मोडी वाचकांची मदत घेतली. संघटित समाजासाठी दप्तरखाना उघडतो. विखुरलेल्यांसाठीही तो उघडला पाहिजे.

म्हणून आपल्या मागण्या नेमक्या असाव्यात. भटक्या-विमुक्तांच्या नोंदी शासनाने स्वतः शोधून प्रसिद्ध कराव्यात. वडिलांकडील रक्तनात्यातील एकाची वैधता सिद्ध झाली असता भावंडांना पुन्हा पहिल्यापासून पायपीट करावयास लावू नये. पडताळणी शालेय वयातच पूर्ण व्हावी. ज्याने मुदतीत अर्ज केला, त्याची जागा समितीच्या विलंबामुळे जाऊ नये.

मागणी करून आपले काम मात्र संपत नाही. डॉ. लोहियांनी मागासांसाठी ६० टक्के जागा मागितल्या, त्या वारशाचे आपण नाव सांगतो. मग प्रत्येक शाखेने दहावीच्या मुलांची यादी करावी, त्यांच्या वंशावळी लिहून घ्याव्यात आणि आठवड्यातून एक दिवस त्यांच्यासोबत तहसील कचेरीत जावे. मोर्चात एक दिवस चालणे सोपे आहे. एका म्हाताऱ्या आजीकडून तिच्या दिराचे नाव आणि त्याच्या मुक्कामाचे गाव काढून घेणे अवघड आहे. पण नातवाची नोकरी त्या एका नावावर अवलंबून असते.