नाव ठेवण्याची शिस्त

(मंडळाच्या विद्यार्थी मेळाव्यात परतवाडा येथे केलेले भाषण)



आम्ही कला शाखेचे पदवीधर, पोटापाण्यासाठी बँकेच्या काउंटरवर बसणारे कारकून. संगणकशास्त्रावर बोलण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु आपल्या वस्तीतील मुले आज पुण्या-हैदराबादला क्लाउडच्या कामावर जात आहेत, आणि त्यांच्या कामातील एक गोष्ट आम्ही रोज खातेवहीत अनुभवतो. ती गोष्ट म्हणजे नाव.

आपल्या वऱ्हाडात 'वानखडे' लिहितात, इतरत्र 'वानखेडे'. एकाच मुलाच्या दाखल्यावर एक, आधार कार्डावर दुसरे आणि पासबुकात तिसरेच स्पेलिंग असते. मग अर्ज अडतो, आणि बाप मजुरी बुडवून चकरा मारतो. माणूस तोच, पण कागद त्याला ओळखत नाही.

हा घोळ टपाल खात्यानेही भोगला. एकाच नावाची अनेक गावे, पत्ते नाना भाषांत, पत्रे भरकटत. त्यावर श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याने पिन कोडची योजना आखली आणि १५ ऑगस्ट १९७२ पासून ती अमलात आली. आपल्या परतवाड्याचा पिन ४४४८०५, शेजारच्या अचलपूर शहराचा ४४४८०६. पहिला अंक विभाग सांगतो, पुढचे दोन अंक क्षेत्र लहान करीत नेतात आणि शेवटचे तीन अंक नेमके टपाल कार्यालय दाखवितात. प्रत्येक जागेला ठरलेला अर्थ, हेच त्यातील मर्म होय.

दुसरा धडा बँकेचा. आयएफएससी संकेत ११ अक्षरांचा असतो : पहिली ४ बँकेची, पाचवे शून्य, शेवटची ६ शाखेची. पद्धत उत्तम, परंतु १ एप्रिल २०१९ रोजी देना व विजया या बँका बँक ऑफ बडोदात विलीन झाल्या, आणि १ मार्च २०२१ पासून त्यांचे जुने संकेत बंद झाले. शाखा तीच, पण मालक बदलला म्हणून नाव बदलले. उलट अचलपूरचे पाहा. इंग्रजी अमदानीतील एलिचपूर केव्हाच अचलपूर झाले, पण रेल्वेच्या दप्तरी स्टेशनाचा संकेत 'ईएलपी'च राहिला. तात्पर्य, जे बदलणार आहे ते शक्यतो नावात घालू नये.

आता क्लाउडकडे वळू. क्लाउड म्हणजे दुसऱ्याचे संगणक इंटरनेटवरून भाड्याने घेणे. तेथील नेटवर्क पडद्यावर आज्ञा देऊन उभारतात. तार दिसत नाही, पेटी दिसत नाही. काम करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे असते ते फक्त नाव.

आमच्या नात्यातील एक मुलगा एका कंपनीत नवा लागला. तेथे दोन नेटवर्के होती : एक चाचणीचे, एक प्रत्यक्ष चालते. नावे काय, तर 'नवीन' आणि 'नवीन-२'. चाचणीच्या नेटवर्कावरील फायरवॉलचा एक नियम काढण्यास त्याला सांगितले गेले. 'नवीन-२' हे चाचणीचे असावे असे समजून त्याने तो काढला, आणि ते चालते निघाले. ग्राहकांचे काम तासभर बंद पडले. नाव ठेवणारा केव्हाच नोकरी सोडून गेला होता. जाब या मुलाला विचारला गेला. तो प्रोबेशनवर होता, घरातला पहिला पगारदार. नोकरी वाचली, पण ते चार दिवस त्याच्या आईने कसे काढले ते आम्ही पाहिले आहे. त्याने विचारून घ्यावयास हवे होते, हे खरे. पण चूक होईल अशी नावे ज्यांनी ठेवली, त्यांची जबाबदारी काहीच नाही काय?

नाव मागाहून सुधारू, असेही म्हणता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्या अझ्युर सेवेत आभासी नेटवर्काचे नाव एकदा दिले की बदलत नाही. नवे उभारून सारे तिकडे हलवावे लागते. ॲमेझॉनच्या सेवेत नेटवर्काचे नाव ही नुसती चिठ्ठी असते. एकच चिठ्ठी दोघांना लागली तरी कोणी अडवीत नाही. म्हणून नियम आधी ठरवावा. प्रकार, काम, टप्पा, ठिकाण, क्रमांक असा क्रम धरला, तर 'व्हीनेट-ग्रंथालय-चाचणी-मुंबई-०१' असे नाव होते. वाचणाऱ्याला कोणाला विचारावे लागत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, चार गोष्टी ध्यानात ठेवा. क्रम कधी मोडू नका. एका अर्थाला एकच लघुरूप वापरा. कोठे 'टेस्ट', कोठे 'टीएसटी' नको. व्यक्तीचे किंवा साहेबांचे नाव घालू नका, कारण माणसे बदलतात. आणि हा नियम एका पानावर लिहून सर्वांना दिसेल असा ठेवा. एकट्याच्या डोक्यातला नियम त्याच्याबरोबरच निघून जातो.

आपल्या मंडळाच्या संगणकातही 'यादी', 'यादी नवीन', 'यादी शेवटची' अशा फायली आहेत. सचिवांनी राग मानू नये, त्यातील एक आमचीच आहे! या वर्षी आपण सर्वांनी मिळून ते दुरुस्त करू या. आज विचारपूर्वक नाव ठेवले, तर उद्या आपल्या मुलांना कोणी नावे ठेवणार नाही.