हिंगाची डबी

(मंडळाच्या महिला शाखेच्या सभेत केलेले भाषण)



मी वैद्य नव्हे. केंद्र सरकारच्या फायलींत केस पिकलेला एक साधा पदवीधर. महामारीतील स्त्रीमनाविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, २०२० साली हा विषय माझ्याच घरी मुक्कामाला होता.

त्या मार्चमध्ये सियालदहच्या लोकल थांबल्या, त्या सर्वसामान्य प्रवाशांसाठी ११ नोव्हेंबरलाच पुन्हा सुरू झाल्या. कॅनिंगहून कामाला येणारी मासी अडकली. घरचे सारे काम सौभाग्यवतींवर पडले. तिकडे साताऱ्यास त्यांची आई एकटी. वास जाणे हे रोगाचे लक्षण, असे कळल्यापासून त्या दिवसातून दहादा हिंगाची डबी उघडून हुंगत. रात्री छातीत धडधड होऊन उठून बसत. मी म्हणे, "उगाच काळजी करतेस." माझ्या मते हा धीर होता! परिणाम एवढाच झाला की, त्या मला सांगेनाशा झाल्या; डबी मात्र चोरून उघडत राहिल्या.

१८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा रोग्यांच्या शोधार्थ सैनिक घरांत शिरत. बायकांना रोगाइतकेच त्या तपासणीचे भय वाटे. त्याच वर्षी १० मार्च रोजी, प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना जडलेल्या रोगानेच सावित्रीबाई फुले गेल्या. पुढे कलकत्त्यातही प्लेग आला आणि भगिनी निवेदिता झाडू घेऊन बागबाजारच्या गल्ल्यांत उतरल्या. शुश्रूषा करणारीचे गुणगान आपण मनापासून करतो. तिच्या पोटात कधी गोळा आला असेल का, हे मात्र विचारीत नाही. मीही विचारले नव्हते.

एके रात्री विचारले. दोन तास त्या बोलत होत्या. स्वतःच्या मरणाचे भय त्यांना फारसे नव्हतेच. आपण अंथरुणाला खिळलो तर घराचे काय आणि आईपर्यंत पोहोचता आले नाही तर काय, हा घोर होता. नुसत्या ऐकण्याने सारे बरे झाले, असे म्हणणार नाही. डॉक्टरांशी दूरध्वनीवर बोलावे लागले, झोप हळूहळू परतली. आता सरकारची 'टेलि-मानस' सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये ती सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य बोलता येते. क्रमांक टिपून घ्यावा, पुरुषांनीही.

डबी अजून ओट्यावरच असते. परवा त्यांना सर्दी झाली आणि तिचे झाकण उघडल्याचा आवाज आला. मी वर्तमानपत्र खाली ठेवले व स्वयंपाकघरात गेलो.