भाषण करावं लागू नये म्हणून

(१९९५ च्या दहावीच्या बॅचच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



'तुझ्या क्षेत्राबद्दल दहा मिनिटं बोल' असं मला संयोजकांनी सांगितलं होतं. माझं क्षेत्र सॉफ्टवेअर. आता तुमच्यापैकी प्रत्येकाच्या घरात एक तरी सॉफ्टवेअरवाला आहेच, तेव्हा त्यात नवीन काय सांगणार? म्हणून मी गोल्फ खेळणाऱ्या एका बाईबद्दल बोलणार आहे. हसू नका. मी आजवर गोल्फची काठी हातात धरलेली नाही. पण हिच्याबद्दल बोलायचं तर ते याच हॉलमध्ये बोलायला हवं, असं मला बरीच वर्षं वाटत होतं.

मे २००३. मी चोवीस वर्षांची, पहिल्यांदाच परदेशात, डॅलसला ऑनसाइट. एका गुरुवारी बघते तर ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये टीव्हीसमोर ही गर्दी. शेजारच्या फोर्ट वर्थमध्ये कलोनिअल नावाची स्पर्धा चालू होती. पुरुषांच्या पीजीए टूरची स्पर्धा, आणि त्यात एक बाई खेळत होती. १९४५ साली बेब झहारियस खेळली, त्यानंतर अठ्ठावन्न वर्षांनी पहिल्यांदा. हिचं नाव अनिका सोरेनस्टॅम, मूळची स्वीडनची. विजय सिंगसारखा मोठा खेळाडू आधीच जाहीर बोलून बसला होता की हिचं इथे काम नाही. तिने पहिला फटका मारला, चेंडू सरळ गवताच्या पट्ट्यात जाऊन पडला. मग तिने छातीवर हात ठेवला, पाय लटपटल्यासारखं केलं आणि हसली. कॅन्टीनमधली माणसं टाळ्या वाजवायला लागली. मला खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी मीही वाजवल्या.

त्या आठवड्यात पेपरांमधून तिच्याबद्दल बरंच छापून येत होतं, त्यातलं काही मी वाचलं. वडील आयबीएममध्ये, आई बँकेत, म्हणजे आपल्यासारखंच नोकरदार घर. लहानपणी टेनिस खेळायची, ब्यॉन बोर्ग तिचा हीरो. बाराव्या वर्षी गोल्फकडे वळली. गोल्फच्या काठ्यांना नंबर असतात. घरात दोघी बहिणींत एकच संच, म्हणून विषम नंबरच्या काठ्या अनिकाला आणि सम नंबरच्या धाकट्या शार्लोटाला! मला आमच्या घरची कंपासपेटी आठवली. कर्कटक माझं, कोनमापक भावाचं.

खेळ कळावा म्हणून थोडंसं सांगते. मैदानात अठरा खळगे असतात. चेंडू खळग्यात घालायला किती फटके लागावेत हे ठरलेलं असतं, त्याला पार म्हणतात. एक फटका कमी लागला तर बर्डी, एक जास्त लागला तर बोगी. ज्याचे एकूण फटके सर्वांत कमी, तो जिंकतो. शेवटी चेंडू खळग्यापाशी आला की हलकेच ढकलायचा, त्याला पट म्हणतात. आणि नवशिक्यांना सवलत असते, तिला हँडिकॅप म्हणतात. अनिकाचा पहिला हँडिकॅप होता ५४. म्हणजे प्रत्येक खळग्याला तीन फटके माफ! हा ५४ आकडा लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

तर, ज्युनियर स्पर्धांमध्ये ही मुलगी शेवटपर्यंत पुढे असायची आणि शेवटच्या शेवटी सोपा पट चुकवायची. मुद्दाम. कारण जिंकणाऱ्याला बक्षीस घेताना भाषण करावं लागे, आणि ती इतकी लाजाळू होती की त्यापेक्षा दुसरा नंबर परवडला.

हे वाचलं आणि मी पेपर खाली ठेवला. डॅलसमध्ये त्या वेळी मला ओळखणारं कुणी नव्हतं, तरी कुणीतरी पकडल्यासारखं वाटलं.

कारण सातवीत मी पहिली आले होते. आपल्याकडे पहिल्या नंबराने २६ जानेवारीला मनोगत व्यक्त करायची पद्धत होती. माइकसमोर माझी तीन वाक्यं झाली, चौथं आठवेना, आणि मी तशीच खाली उतरले. तुमच्यातले काही जण हसले होते. तुमच्या जागी मी असते तर मीही हसले असते, त्याचं काही नाही. पण आठवीच्या सहामाहीला मी भूमितीतलं पाच मार्कांचं उदाहरण कोरं सोडलं. येत असून. बाईंनी पेपर देताना विचारलं, "हे येत नव्हतं का गं?" मी म्हटलं, "वेळ पुरला नाही." बाई माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या आणि पुढच्याला पेपर द्यायला गेल्या.

त्या वर्षी पहिली आलेली मैत्रीण आज तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला वाईट वाटू नये म्हणून काल रात्री फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "अगं, मी तुझ्यापुढे अकरा मार्कांनी होते." म्हणजे तीस वर्षं मी ज्याचं ओझं वागवलं, तो त्याग फुकटच गेला!

पण सवय लागली ती लागलीच. नोकरीत डिझाइन मी करायचे आणि मीटिंगमध्ये शेजारच्याला म्हणायचे, "तूच सांग ना." माझं काम कुणी चोरलं वगैरे काही नाही, मी ते हाताने द्यायचे. अशी बारा वर्षं काढली.

अनिकाच्या प्रशिक्षकांच्या हा प्रकार लक्षात आला. ते तिला रागावले नाहीत, 'धीट हो' म्हणून व्याख्यानही दिलं नाही. पुढच्या स्पर्धेला नियमच बदलला: पहिल्या आणि दुसऱ्या, दोन्ही नंबरांनी बोलायचं. मग हिने हिशेब केला. बोलायचंच आहे तर जिंकून बोलू. पट चुकायचे थांबले.

त्यानंतरचं सगळंच सांगत बसले तर रात्र होईल. शिकायला अमेरिकेत ॲरिझोना विद्यापीठात गेली. १९९१ मध्ये पहिल्याच वर्षी तिथली राष्ट्रीय आंतरविद्यापीठ स्पर्धा जिंकली. आपण दहावी झालो त्या १९९५ सालच्या उन्हाळ्यात तिने यूएस विमेन्स ओपन जिंकली, आणि पुढच्या वर्षी पुन्हा. ती आपल्या प्रत्येक फेरीची आकडेवारी कॉम्प्युटरवर नोंदवून ठेवायची हे कळल्यावर तर मी तिची पक्की चाहती झाले. तिची आणखी एक गंमत. फटका मारताना डोकं खाली ठेवायचं हा गोल्फचा पहिला धडा. हिचं डोकं चेंडूबरोबरच फिरतं. पण चेंडू सरळ जातोय ना, मग ते कुणी सुधारायला गेलं नाही. आमच्या धंद्यातही हा नियम आहे: चालतंय त्याला हात लावू नका.

आता तो ५४. स्वीडिश संघाच्या प्रशिक्षक पिया निल्सन यांचं म्हणणं असायचं की पार ७२ असलेल्या मैदानावर एकेका खळग्याला बर्डी कधी ना कधी होतेच, मग अठराही एकाच दिवशी का होऊ नयेत? ७२ वजा १८, म्हणजे ५४. १६ मार्च २००१ ला फिनिक्सच्या मून व्हॅली मैदानावर अनिकाने सुरुवातीच्या सलग आठ खळग्यांना बर्डी केली. नववा पार. मग पुन्हा सलग चार बर्डी. शेवटी तेरा बर्डी, एकही बोगी नाही, एकूण फटके ५९. साठच्या आत आलेली ती पहिली बाई. बरोबरच्या गटात कोण खेळत होतं? धाकटी शार्लोटा, आदल्या वर्षीची विजेती. सम नंबरच्या काठ्यावाली!

फोर्ट वर्थचं राहिलंच. तिथे मैदानाचा पार ७०. पहिल्या दिवशी तिचे ७१ फटके, दुसऱ्या दिवशी ७४. पुढच्या दोन दिवसांच्या खेळात जायला चार फटके जास्त झाले, म्हणजे बाद. डोळे पुसतच मैदान सोडलं, सगळ्या जगाच्या कॅमेऱ्यांसमोर. नंतर म्हणाली, मी माझ्या टूरवर परत जाते. गेली, आणि त्याच उन्हाळ्यात दोन मोठ्या स्पर्धा जिंकली. मला मात्र त्या ५९ पेक्षा हे ७१ आणि ७४ जास्त मोलाचे वाटतात. चार माणसांसमोर उभं राहायला नको म्हणून पट चुकवणारी मुलगी, हरण्याचीच शक्यता जास्त आहे हे माहीत असताना, एवढ्या लोकांसमोर आपणहून उभी राहिली होती.

२००८ मध्ये अडतिसाव्या वर्षी ती थांबली. तोवर एलपीजीएच्या ७२ स्पर्धा जिंकल्या होत्या, त्यांत दहा मेजर. मग लग्न, दोन मुलं. २०२१ मध्ये वयाच्या पन्नाशीत यूएस सीनियर विमेन्स ओपनला उतरली आणि आठ फटक्यांनी जिंकली.

माझ्याबद्दल शेवटचं. आमच्या टीममध्ये दर पंधरा दिवसांनी डेमो असतो. बोलायचे नेहमी तेच दोघे. एक मुलगी, आपल्यासारख्याच छोट्या गावातली, कोड सगळ्यांत नेटका लिहायची आणि डेमोच्या दिवशी हटकून तिचं डोकं दुखायचं. मला ते डोकं चांगलंच ओळखीचं होतं. तिला बाजूला घेऊन समजवावं असं आधी वाटलं. पण मला आजवर ज्यांनी समजावलं त्यांचा काय उपयोग झाला होता? मग मी नियम बदलला. ज्याचं काम त्याचा डेमो, तीन मिनिटं, मी धरून सगळ्यांनी. पहिल्या वेळी तिने कागदावरून वाचलं, आवाज थरथरत होता. तिसऱ्या मिनिटाला कुणीतरी प्रश्न विचारला, आणि त्याचं उत्तर तिने कागद न बघता दिलं. आता बरी बोलते. फार छान बोलते असं नाही. मीही नाही बोलत, बघताच आहात.

बाई, आठवीतलं ते समांतरभुज चौकोनाचं उदाहरण मी काल हॉटेलवर बसून सोडवलं. कागद पर्समध्ये आहे. चहाच्या वेळी देते, तेवढं तपासून द्या.